बॉल पायथनचं घाबरट पिल्लू जेवायला कसं लावायचं

बॉल पायथन या पाळीव सापाचं पिल्लू घरी आलं की नवख्या माणसाची पहिली काळजी ठरलेली असते. "उंदीर समोर धरला तर तोंड फिरवतंय की ओ, आजारी-बिजारी नाही ना?" बेळगाव, निपाणी, खानापूर, पार भालकीकडून विचारणारेही याच सुरात विचारतात. बहुतेक वेळा पिल्लू आजारी नसतं. भूकही असते त्याला. पण तुमच्या घरात अजून सुरक्षित वाटत नसतं, आणि भेदरलेला साप शिकार करत नाही, लपून बसतो. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं उंदराबद्दल नाहीच. ते पिल्लाच्या घराबद्दल, उबेबद्दल आणि आपल्या हातांना आवर घालण्याबद्दल आहे.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या गवताळ भागात तो दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून असतो. अंधार झाला की दबा धरून बसतो. वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात. त्यांच्यामुळे काळोखातही गरम रक्ताचा प्राणी त्याला 'दिसतो'. भीती वाटली की डोकं मधे घेऊन अंगाचा गोळा करतो. अरुंद जागा, अंधार, ऊब आणि समोरून येणारी गरम शिकार एवढ्याच गोष्टी त्याला ठाऊक आहेत. आपण त्याला देतो काचेची मोठी पेटी, ट्यूबलाइट आणि भोवती उभी राहिलेली चार माणसं.

आधी कागद

नाग, धामण, घोणस, मांडूळ, आपला अजगर, म्हणजे शेतात-बांधावर दिसणारा कुठलाही देशी साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'दुतोंड्या' म्हणून मांडूळ कुणी आणून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पावसाळ्यात अंगणात सापडलेलं पिल्लू 'थोडे दिवस सांभाळतो' म्हणून ठेवणंही तसंच. वनखात्याला कळवा, ते घेऊन जातात.

बॉल पायथन परदेशी आहे, पण त्याच्यावरही नियम आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'सायटीस' करारात तो दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा प्राण्याची नोंदणी 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आपल्या भागात पिल्लू कोल्हापूर-पुण्याहून घ्यायचं आणि पाळायचं कर्नाटकात, असं सर्रास होतं. म्हणून विकणाऱ्याच्या नोंदणीचे आणि हस्तांतराचे कागद पिल्लाबरोबरच मागून घ्या. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

आणखी एक परवानगी लागते, घरच्यांची. गोठवलेले उंदीर ठेवायला फ्रीजर लागतो. आपल्याकडे कितीतरी घरं शाकाहारी आहेत, कितीतरी घरांत स्वयंपाकघर आजीच्या शब्दावर चालतं. ही गोष्ट आधी मोकळेपणानं बोला. शक्य असेल तर जुना छोटा फ्रीज वेगळा घ्या, निदान घट्ट झाकणाचा वेगळा डबा तरी करा. घरात मनापासून विरोध असेल तर साप आणू नये. लपवून ठेवलेल्या उंदरावरून रोज कुरबुर चालू असलेल्या घरात कुणीच शांत राहत नाही.

घेताना काय विचारायचं

पिल्लानं विकणाऱ्याकडे आपणहून किती वेळा खाल्लंय हा सगळ्यात मोठा प्रश्न. सलग चार-पाच वेळा न सोडता खाल्लेलं पिल्लू घ्या. काय खातं तेही नेमकं विचारा. उंदीर की घुशीच्या जातीतलं, ज्याला सगळे 'रॅट' म्हणतात ते? जिवंत, नुकतं मारलेलं, की गोठवून पुन्हा गरम केलेलं? शेवटचं कधी खाल्लं, वजन किती, कुठल्या डब्यात राहत होतं, खाली काय अंथरलं होतं? उत्तरं लिहून घ्या. पुढे अडचण आली तर पहिला उपाय एकच असतो: विकणारा करत होता तस्संच करणं.

जमलं तर तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. निदान पिल्लू हातात घेऊन बघा. अंग भरीव लागलं पाहिजे, पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला नको, तोंडाच्या कडेला फेस नको, श्वासाला घरघर नको. खवल्यांखाली मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके हलत असतील तर ते सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, 'माइट', आहेत. असलं पिल्लू घेऊ नका.

घर

मोठं घर म्हणजे जास्त प्रेम असं वाटतं, पण पन्नास-साठ ग्रॅमच्या पिल्लाला मोठी काचपेटी म्हणजे उघडं माळरान. सुरुवातीला घट्ट झाकणाचा, पारदर्शक नसलेला प्लास्टिकचा डबा घ्या. फूट-दीड फूट लांबी पुरते. बाजूंना तापलेल्या सळईनं हवेसाठी बारीक भोकं पाडा. साप वाढला की घर वाढवता येतं.

आत लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवली तर पिल्लाला ऊब की आडोसा यातलं एक निवडावं लागतं. ते आडोसा निवडतं, गारठतं, आणि गारठलेला साप खात नाही. लपायची जागा इतकी तंग हवी की वेटोळं घालून बसल्यावर अंग सगळीकडून टेकलं पाहिजे. नारळाची मोठी करवंटी घ्या, कडा पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत करा, एका बाजूला अंगठ्यापेक्षा थोडं मोठं दार कापा. पहिल्या काही महिन्यांसाठी याहून चांगलं मिळत नाही. खानापूर भागात मातीकाम चांगलं होतं, तिथली लहान कुंडी उपडी घालून कडेला दार पाडलं तरी चालतं. नळीचं कौल मात्र दोन्हीकडून उघडं असतं, एक तोंड बुजवल्याशिवाय वापरू नका. दोन्ही जागा सारख्याच ठेवा, म्हणजे पिल्लाला एक आवडती आणि एक नावडती असं होत नाही. मधल्या भागात कुस्करलेला कागद, सुकी पानं, प्लास्टिकच्या वेली भरून टाका. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना पिल्लू उघड्यावर येता कामा नये.

खाली जुनं वर्तमानपत्र किंवा साधा टिश्यू कागद अंथरा. विष्ठा लगेच दिसते, बदलायला सोपं. पाण्याचं जड वाडगं गार बाजूला.

आता ऊब. या सगळ्यात आपल्या भागात सर्वात जास्त चुकतं ते इथं. उबदार टोकाला ३१ ते ३२ अंश, गार टोकाला २५ ते २७, आणि रात्री कुठंही २४ च्या खाली नाही, असं लक्ष्य ठेवा. डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावूच नका. ती तापत जाते आणि पोटाला चटका बसतो. सापाला तो चटका वेळेवर जाणवत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर डब्याच्या आत, मॅटच्या बरोबर वर, कागदाखाली चिकटपट्टीनं घट्ट बसवा. सेन्सर सरकला तर आकडा ठीक दिसतो आणि आत जागा भाजत असते, म्हणून वेगळ्या थर्मामीटरनंही अधूनमधून मोजा.

सीमाभाग म्हटला तरी हवा सगळीकडे एक नाही. बेळगाव उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि शहाबादी फरशी बर्फासारखी होते. डबा जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा, तीन बाजूंनी थर्माकोलचे तुकडे लावा. खानापूरकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की डब्यात पाणी शिंपडायची गरजच नसते, उलट कागद ओला राहिला तर पोटाखालचे खवले कुजतात. तिथं हवेची भोकं वाढवा आणि कागद वरचेवर बदला. अथणी-चिकोडीकडे, आणि त्याहून जास्त बिदर-कलबुर्गीकडे, उन्हाळ्यात उलटं होतं. हवा कोरडी, कात तुकड्या-तुकड्यानं निघते आणि दुपारी खोलीच ३५ च्या वर जाते. तेव्हा डबा घरातल्या सर्वात गार खोलीत, शक्यतो खालच्या मजल्यावर ठेवा. एका लपायच्या जागेत ओलसर शेवाळ किंवा पिळून घेतलेला टिश्यू घाला. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के बरी, कात टाकताना थोडी जास्त.

वीज गेली तर घाबरू नका, दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. डब्यावर घोंगडं टाका, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवून ठेवा. आत काय चाललंय बघायला झाकण उघडू नका, तेवढीच ऊब निसटते.

डबा टीव्हीच्या शेजारी, मिक्सरच्या ओट्यावर, जिन्याखाली ठेवू नये. हवेतल्या आवाजापेक्षा जमिनीतून, फळीतून येणारी थरथर सापाला जास्त जाणवते. त्याच खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनेल नको.

पहिला आठवडा

काही करू नका. एवढंच. पाणी बदला, विष्ठा असेल तर उचला, झाकण लावा. हातात घेणं नाही, फोटो नाहीत, शेजाऱ्यांना दाखवणं नाही. ज्या दिवशी आणलं त्याच संध्याकाळी उंदीर दाखवायची घाई बहुतेकांना होते. तसं केलं की पिल्लू नाकारतं, आणि उंदराचा वास व भीती त्याच्या डोक्यात एकत्र बसतात.

नागपंचमीच्या सुमारास घरात साप आहे म्हटल्यावर कुणीतरी श्रद्धेनं दुधाची वाटी आणतं. त्यांना प्रेमानं सांगा की सापाला दूध पचत नाही. गारुड्याकडचे साप दूध पितात ते कित्येक दिवस तहानलेले ठेवलेले असतात म्हणून.

सात-आठ दिवस गेल्यावर रात्री अंधारात टॉर्चचा उजेड छताकडे मारून, झाकण अलगद थोडंसं सरकवून बघा. पिल्लू करवंटीच्या दारात डोकं टेकून बसलंय, जीभ संथपणे लवलवतेय, किंवा डब्यात फिरतंय, तर ते रुळायला लागलंय. दिवसा सतत डब्याच्या भिंतीला नाक घासत फिरणं किंवा चोवीस तास गोळा होऊन राहणं म्हणजे अजून नाही. तेव्हा पुन्हा तापमान मोजा, आडोसा वाढवा, आणखी काही दिवस जाऊ द्या.

उंदीर कसा तयार करायचा

पिल्लाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजनाचा घास असावा. ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचा. म्हणजे केस आलेला, नुकता उड्या मारायला लागणारा लहान पांढरा उंदीर, ज्याला दुकानात 'हॉपर' म्हणतात. नवखे लोक भीतीपोटी लाल, बिनकेसाची 'पिंकी' देतात. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाच्या बारीक पिल्लाला तीच लागते, पण बॉल पायथनला तिच्यात शिकारीसारखं फारसं काही जाणवत नाही. घरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा हवाच. सापासाठी वेगळा ठेवा.

घरात, गोदामात, शेतात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्यानं कुठं विष खाल्लंय हे तुम्हाला कळत नाही आणि ते विष सापाच्या पोटात जातं. पालीही नकोत, त्यांच्यातून जंत येतात.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सावकाश सुटू दे. द्यायच्या वेळी झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं बुडवा. पाणी निवलं तर बदला. पोट दाबून बघा, आत थंड गाठ लागली तर अजून वेळ आहे. बाहेरून ३८-४० अंश असला पाहिजे, म्हणजे जिवंत उंदराच्या अंगाइतका किंवा किंचित जास्त. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अंदाज बांधावा लागत नाही. मायक्रोवेव्ह आणि उकळतं पाणी दोन्ही नको, मांस शिजतं आणि पोट फुटतं. शेवटी टिश्यूनं कोरडा पुसा आणि डोकं परत काही सेकंद गरम पाण्याच्या पिशवीला टेकवून ठेवा. पिल्लू सर्वात गरम टोकावर झेपावतं, आणि डोक्याकडून धरलेला उंदीर सरळ गिळला जातो. एकदा सुटलेला उंदीर परत गोठवू नका. नंतर हात, काटा, ओटा साबणानं धुवा. सापांच्या आणि उंदरांच्या विष्ठेत माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो, त्यामुळे लहान मुलांचे हात या कामात नकोत.

पहिला घास

रात्री नऊनंतर, घर शांत झाल्यावर. गल्लीत गणपतीची किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक असेल तर तो दिवस सोडा. ढोल-डीजेची धमक भिंतीतून डब्यापर्यंत येते. डोळे दुधाळ-निळसर झाले असतील आणि रंग फिका पडला असेल तर पिल्लू कात टाकणार आहे. तेव्हाही थांबा, कात पडून दोन-तीन दिवस गेले की द्या. त्या वेळी भूक बहुधा चांगली असते.

खोलीतला मोठा दिवा बंद. मागून, लांबून थोडा उजेड पुरे. तुम्ही बसा, उभे राहू नका. फूटभर लांबीचा, बोथट टोकांचा चिमटा घ्या. उंदराला मानेमागे किंवा पाठीला धरा, म्हणजे डोकं पिल्लाकडे राहील. झाकण हळू सरकवा आणि उंदीर पिल्लाच्या पातळीवरून, बाजूनं, जमिनीलगत आणा. वरून कधीच नाही. वरून येणारी गोष्ट सापाच्या लेखी घार असते.

करवंटीच्या दारापासून चार बोटांवर उंदीर थांबवा. हलवू नका. पिल्लू जीभ बाहेर काढेल, आत घेईल, पुन्हा काढेल. आधी ती वेगानं फडफडते, मग एकदम मंदावते, आणि डोकं उंदराकडे रोखून स्थिर होतं. मान मागे सरकून इंग्रजी 'एस' सारखी वळते. आता उंदीर जेमतेम हलवा, मिशी हलल्याइतका. जोरजोरात नाचवला तर तो उंदीर राहत नाही, हल्ला होतो. झेप डोळ्याला दिसत नाही इतकी वेगात येते. दात रुतले आणि दोन-तीन वेटोळी पडली की चिमटा सोडा आणि हात तिथंच थिजवा. वेटोळी घट्ट असताना तुम्ही झाकण ओढलं, उठलात किंवा आनंदानं कुणाला हाक मारलीत तर घाबरट पिल्लू भक्ष्य टाकून देतं. काही मिनिटांनी पकड सैल होते, तोंड उंदराच्या अंगावरून डोकं शोधत फिरतं, मग जबड्याची एक बाजू पुढे, दुसरी पुढे असं गिळणं सुरू होतं. तेव्हा कुठं झाकण अलगद लावा. गिळून झाल्यावर मोठी जांभई देतं, ती जबडा जागेवर बसवण्यासाठी.

तोंड मिटून नुसतं ठोकरून मागं गेलं तर ती भूक नव्हे, भीती आहे. उंदीर बाजूला घ्या, झाकण लावा, संपलं. त्या रात्री परत प्रयत्न नाही. पंधरा मिनिटं समोर धरून बसायचं, नाकाला टेकवत राहायचं, यानं पुढच्या वेळचंही बिघडतं.

नाकारलं तर

पाच ते सात दिवस थांबा आणि मग एकच गोष्ट बदला. एकाच वेळी डबाही बदलला, उंदीरही बदलला, वेळही बदलली, तर कशामुळे खाल्लं ते कळत नाही आणि पिल्लाला सगळंच परकं होतं. कुठल्या क्रमानं बदलायचं ते सांगतो. हा क्रम मला सर्वात कमी त्रासाचा वाटतो.

आधी स्वतःलाच बदला. चिमट्यानं न देता गरम उंदीर करवंटीच्या दाराशी, डोकं आत करून ठेवा, दिवा घालवा आणि खोलीबाहेर जा. झाकणावर जाड कापड टाका. घाबरट पिल्लांपैकी बरीच एवढ्यावरच खातात, त्यांना फक्त तुम्ही तिथं नको असता. सकाळी खाल्लेला नसेल तर काढून टाका. उन्हाळ्यात तीन-चार तासांतच काढा, वास येतो आणि लाल मुंग्या लागतात. आपल्याकडच्या मुंग्या झोपलेल्या पिल्लालाही सोडत नाहीत. फळीच्या पायांखाली पाणी घातलेल्या वाट्या ठेवल्या की डब्यापर्यंत पोचत नाहीत.

त्यानंतर तापमान. आकडे बरोबर असतील तर उंदराचं तापमान बघा. कोमट उंदीर हे नकाराचं फार नेहमीचं कारण असतं, विशेषतः थंडीत, जेव्हा स्वयंपाकघरातून खोलीत येईपर्यंतच तो निवतो. गरम पाण्याचा तांब्या डब्याजवळच ठेवा.

मग जागा. पिल्लाला आईस्क्रीमच्या डब्याएवढ्या, भोकं पाडलेल्या, कोरड्या डब्यात कागदाच्या बोळ्यांसह ठेवा, गरम उंदीर आत ठेवा, झाकण लावा आणि तो डबा मोठ्या डब्याच्या उबदार बाजूला रात्रभर राहू द्या. तंग जागेत शिकार आणि आपण एवढंच उरतं. पण यासाठी पिल्लाला उचलावं लागतं, म्हणून हे दर आठवड्याला नको.

मग वास. विकणारा 'रॅट' देत असेल आणि तुम्ही पांढरा उंदीर देत असाल तर तोच प्रकार मिळवा. तेच असूनही खात नसेल तर उंदरांच्या पिंजऱ्यातला मूठभर वापरलेला भुसा पिशवीत गरम करताना उंदराबरोबर ठेवा. साबणाचा, पावडरचा वास असलेल्या हातांनी उंदीर धरला असेल तर साध्या पाण्यानं धुऊन पुसा. जंगलात लहान बॉल पायथन पक्षीही खातात, त्यामुळे कोंबडीच्या स्वच्छ पिल्लाचं मऊ पीस उंदराला घासून चालून गेल्याचं पुष्कळ पाळणारे सांगतात. उंदराच्या कवटीला सुई टोचून थोडा स्राव नाकाशी आणणं हा अजून एक उपाय. किळस येते, पण हट्टी पिल्लांना तो चालतो, आणि उंदीर मेलेलाच असतो.

पिल्लू आधी जिवंतच खात असेल तर? नुकताच, वेदना न देता मारलेला उंदीर हा मधला टप्पा आहे. त्यावर स्थिर झालं की मग गोठवलेला. जिवंत उंदीर डब्यात सोडून झोपायला जाऊ नका. न खाणाऱ्या सापाच्या पाठीचे लचके भुकेला उंदीर तोडतो, अशा जखमा जीवघेण्या ठरतात. आणि उंदीर मरताना बघायला पोरं गोळा करणं, व्हिडिओ काढणं हे तर अजिबात नको. तोही जीव आहे. त्याचं मरण झटपट आणि खाजगीत व्हावं एवढं आपण त्याला देणं लागतो.

तोंड उघडून घास घालणं स्वतः करू नका. जबडा नाजूक असतो, अन्ननलिकेला इजा होते, आणि जे थोडं विश्वासाचं नातं बनत होतं तेही तुटतं. ते काम सरीसृपांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, आणि तेही वजन खरंच ढासळल्यावर.

खाल्ल्यावर

निदान ४८ तास हात लावायचा नाही. पोटाचा फुगवटा दिसत असेल तोवर नाहीच. या दोन दिवसांत ऊब खाली जाऊ देऊ नका. खाल्लेल्या सापाला थंडी लागली तर अन्न पोटात सडतं आणि तो ओकतो. ओकला तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. पोटातली आम्लं भरून यायला वेळ लागतो. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी आणि शांतता, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा घास. पुन्हा ओकला तर डॉक्टर.

सलग चार-पाच वेळा बिनातक्रार खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात करा. पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा, जेवणाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी नाही. पहिल्या वर्षी दर पाच ते सात दिवसांनी खाऊ घाला आणि वजन वाढेल तसा घास वाढवा.

वही

साधी शाळेची वही पुरते. तारीख, वजन, काय दिलं, किती ग्रॅम, खाल्लं की नाही, कात, विष्ठा, उबदार टोकाचं तापमान. वजन आठवड्यातून एकदाच, तेही खाण्याआधी, झाकणाच्या डब्यात ठेवून. रोज तोलणं म्हणजे रोज छळणं. दोन-तीन आठवडे नाकारलं पण वजन तेवढंच, अंग भरीव, जीभ-डोळे तरतरीत, तर धीर धरा. पूर्ण वाढलेले नर थंडीत दोन-दोन महिनेही खात नाहीत आणि ठणठणीत राहतात. पिल्लाला मात्र इतकी मोकळीक देता येत नाही.

वजन मूळच्यापेक्षा दहा टक्क्यांनी उतरलं, कणा वर दिसायला लागला, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, नाकातून बुडबुडे येतायत, तोंडात पिवळा पू दिसतोय, डोकं आकाशाकडे वळवून तसंच राहतंय, यातलं काहीही असेल तर वरचे उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. या लक्षणांत उंदीर बदलून काही होत नाही.

सरीसृप बघणारे पशुवैद्य आपल्याकडे विरळ आहेत, म्हणून पिल्लू आणण्यापूर्वीच शोधून नंबर लिहून ठेवा. कर्नाटकचं पशुवैद्यकीय विद्यापीठ बिदरला आहे, त्या बाजूच्या लोकांना तिथल्या महाविद्यालयात विचारता येतं. बेळगाव-निपाणीकरांना बहुधा कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. नेताना पिल्लू सुती पिशवीत घाला, तोंड गाठ मारून बांधा, पिशवी थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पेटीला हवेची भोकं पाडा. थंडीत पेटीत कोमट पाण्याची छोटी बाटली कापडात गुंडाळून ठेवा, पिशवीला थेट टेकू देऊ नका. उन्हाळ्यात भल्या पहाटे निघा. गाडीच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये पेटी ठेवून चहाला उतरू नका. वही आणि जमलं तर ताजी विष्ठा छोट्या डबीत बरोबर घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.